चिनी संस्थांची संक्षिप्त नावे आणि अर्थनिश्चितीतील संदर्भाचे स्थान

प्रस्तावना :

आधुनिक चीनच्या इतिहासाची साधने हाताळताना अभ्यासकास एका वरवर क्षुल्लक भासणाऱ्या अडचणीला वारंवार सामोरे जावे लागते. पत्रे, दैनंदिन्या, वृत्तपत्रे, ठराव आणि शासकीय आदेश यांत संस्थांची नावे क्वचितच पूर्ण स्वरूपात येतात. विद्यापीठ असो, राजकीय पक्ष असो, सेनादल असो वा रेल्वे. तिचा उल्लेख बहुधा दोन किंवा तीन अक्षरांत उरकलेला असतो. त्या काळच्या वाचकाला ती अक्षरे पुरेशी होती, कारण आपण कोठे आणि केव्हा वाचत आहोत हे त्याला ठाऊक होते. तेच लिखाण कित्येक दशकांनंतर, दूरच्या देशात आणि अनेकदा भाषांतरातून वाचणाऱ्या अभ्यासकापाशी हे ज्ञान आयते नसते.

संक्षिप्त नावाचा विस्तार करणे हे केवळ कोश उघडून पार पाडावयाचे काम नाही. तो ऐतिहासिक अर्थनिर्णयाचाच एक भाग आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात करावयाचे आहे. हा निर्णय काळ, स्थळ, शेजारचे शब्द आणि बोलणाऱ्याची भूमिका या चार संदर्भांवर अवलंबून असतो. त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तरी एका संस्थेचा इतिहास दुसरीच्या नावावर जमा होण्याचा धोका संभवतो.

संक्षेपाची घडण :

चिनी भाषेत अशा नावाला 'ज्यानचंग' म्हणजे 'सोपे केलेले नाव' म्हणतात. त्याची सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पूर्ण नावातील प्रत्येक घटकशब्दाचे एकेक अक्षर घेऊन ती जोडणे. 'बेइजिंग दाश्युए' म्हणजे बीजिंग विद्यापीठ. त्याचे 'बेइदा' होते. 'झोंगग्वो गोंगछानदांग' म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्ष. त्याचे 'झोंगगोंग' होते. जेथे विशेषनाम स्वतःच पुरेसे वेगळे असते तेथे तेवढेच ठेवले जाते. त्सिंगहुआ, फुदान व नानकाई या विद्यापीठांचा उल्लेख असाच होतो.

मराठी वाचकाला ही पद्धत सर्वस्वी अपरिचित नाही. शेतकरी कामगार पक्षाचा 'शेकाप' आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'मसाप' याच रीतीने झाली. परंतु एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावयास हवा. 'शेकाप'मधील 'शे', 'का' आणि 'प' या अक्षरांना स्वतंत्र अर्थ नाही. त्यामुळे हा संक्षेप आहे हे वाचकाला तत्काळ कळते आणि माहीत नसल्यास तो थांबतो. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षर मात्र सार्थ असते. 'बेइ' म्हणजे उत्तर, 'दा' म्हणजे मोठे, 'झोंग' म्हणजे मध्य, 'ग्वो' म्हणजे देश. अशी दोन अक्षरे एकत्र आली की ती एखाद्या साध्या शब्दासारखी वाचली जातात. संदिग्धता असते, पण ती दिसत नाही. न कळणाऱ्या संक्षेपापेक्षा कळल्यासारखा वाटणारा संक्षेप संशोधकाला अधिक फसवतो, तो यामुळेच.

काळाचा संदर्भ :

'जिंग' या अक्षराचा अर्थ राजधानी. बीजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी आणि नानजिंग म्हणजे दक्षिणेची. १९२७ मध्ये राष्ट्रवादी शासनाने नानजिंग येथे राजधानी स्थापन केली आणि १९२८ मध्ये बीजिंगचे नाव बदलून 'बेइपिंग', म्हणजे उत्तरेची शांती, असे केले. राजधानी हलताच 'जिंग' हे अक्षरही संक्षिप्त नावांत दक्षिणेकडे गेले. बीजिंग ते हानकौ हा लोहमार्ग १९०६ मध्ये पूर्ण झाला होता व तो 'जिंगहान' या नावाने ओळखला जात असे. ७ फेब्रुवारी १९२३ रोजी दडपला गेलेला रेल्वे कामगारांचा प्रसिद्ध संप याच मार्गावरचा. नामांतरानंतर हाच मार्ग 'पिंगहान' झाला. उलट शांघाय ते नानजिंग हा मार्ग आता 'जिंगहू' म्हणवला जाऊ लागला ('हू' हे शांघायचे संक्षिप्त नाव आहे). १९४९ मध्ये बीजिंग पुन्हा राजधानी झाली. आज 'जिंगहू' म्हणजे बीजिंग ते शांघाय हा सुमारे १,४६० किलोमीटरचा मार्ग. १९३५ च्या कागदात मात्र तो सुमारे ३०० किलोमीटरचा नानजिंग-शांघाय मार्ग असतो. अक्षरे तीच, परंतु कागदावरील साल न पाहता केलेले वाचन एक हजाराहून अधिक किलोमीटरने चुकते.

'बेइदा'ची कथा याहून बोलकी आहे. १८९८ मध्ये 'जिंगशी दाश्युएतांग' या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेस १९१२ मध्ये बीजिंग विद्यापीठ हे नाव मिळाले आणि १९१९ च्या चार मे चळवळीने 'बेइदा' ही दोन अक्षरे देशभर पोहोचवली. १९२७ मध्ये झांग झ्वोलिन याच्या राजवटीने शहरातील सरकारी उच्च शिक्षणसंस्थांचे एकत्रीकरण केले. पुढील वर्षी राष्ट्रवादी शासनानेही ही संस्था बेइपिंग विद्यापीठात विलीन केली. विद्यार्थी व अध्यापक यांनी त्यास तीव्र विरोध केला. अखेर १९२९ मध्ये विद्यापीठ पुन्हा स्वतंत्र झाले आणि तेही जुन्याच नावाने. शहराचे नाव बेइपिंग, पण विद्यापीठ मात्र बीजिंगचे, अशी विलक्षण स्थिती उद्भवली. बेइपिंग विद्यापीठही काही काळ नांदत राहिले. त्याचा संक्षेप 'पिंगदा'. पूर्ण नावांची संक्षेपरीती पाहता दोघांचाही 'बेइदा' होणे शक्य होते. परंतु ती दोन अक्षरे एका संस्थेच्या परंपरेशी इतकी बांधली गेली होती की दुसरीला वेगळे अक्षर शोधावे लागले. येथे संक्षेप ही केवळ लेखनातील सोय राहत नाही. तो संस्थेच्या अस्मितेचा वाहक ठरतो.

स्थळाचा संदर्भ :

'झोंगदा' या संक्षेपाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२४ मध्ये ग्वांगझू येथे स्थापन झालेल्या ग्वांगदोंग विद्यापीठास १९२६ मध्ये सन यत्-सेन यांच्या स्मरणार्थ 'झोंगशान विद्यापीठ' हे नाव देण्यात आले. नानजिंग येथील विद्यापीठ १९२८ मध्ये 'झोंगयांग', म्हणजे केंद्रीय, विद्यापीठ झाले. दोघांचाही संक्षेप 'झोंगदा'. विशेष म्हणजे नानजिंगचे हेच विद्यापीठ १९२७ मध्ये अल्पकाळ 'चौथे झोंगशान विद्यापीठ' म्हणून ओळखले गेले होते. म्हणजे पूर्ण नावही काही वेळा निर्णायक ठरत नाही.

१९३० च्या सुमारास नानजिंगमध्ये लिहिलेल्या पत्रातील 'झोंगदा' आणि ग्वांगझूमध्ये लिहिलेल्या पत्रातील 'झोंगदा' ही दोन वेगळी विद्यापीठे होत. पत्र लिहिणाऱ्यास याचा खुलासा करण्याची गरज भासत नसे. जपानविरोधी युद्धाच्या काळात दोन्ही विद्यापीठांना स्थलांतर करावे लागले व नानजिंगचे विद्यापीठ चोंगचिंगला गेले. त्यामुळे नुसते स्थळही पुरेसे ठरत नाही. ते काळाशी पडताळून पाहावे लागते. १९४९ मध्ये नानजिंगचे केंद्रीय विद्यापीठ नानजिंग विद्यापीठ झाले आणि त्याचा संक्षेप 'नानदा' असा बदलला. 'झोंगदा' हे नाव मात्र इतरत्र वाढत गेले. तैवानमध्ये १९६२ पासून पुनरुज्जीवित झालेले केंद्रीय विद्यापीठ आणि १९६३ मध्ये स्थापन झालेले हाँगकाँगचे चिनी विद्यापीठ यांचाही संक्षेप 'झोंगदा'च आहे. 'नानदा'देखील निःसंदिग्ध राहिला नाही. १९५० च्या दशकात सिंगापूरमधील चिनी भाषकांनी उभारलेले नानयांग विद्यापीठ तेथे 'नानदा' म्हणूनच ओळखले जात असे. १९८० मध्ये ते सिंगापूर विद्यापीठाशी एकत्र करण्यात आले.

शेजारशब्दांचा संदर्भ :

एकाच शहरात व एकाच काळात दोन संस्थांचा संक्षेप एक असेल तर निर्णय शेजारच्या शब्दांवर सोपवावा लागतो. बीजिंगमध्ये 'रेनदा' म्हणजे १९५० मध्ये सुरू झालेले चीनचे रेनमिन विद्यापीठ आणि 'रेनदा' म्हणजेच १९५४ मध्ये पहिले अधिवेशन भरलेली राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभा. 'रेनमिन' म्हणजे जनता आणि 'दा' म्हणजे मोठे. एका ठिकाणी तो 'दाश्युए'चा (विद्यापीठाचा) अंश आहे, तर दुसऱ्या ठिकाणी 'दाहुई'चा (महासभेचा). जवळपास 'प्रतिनिधी', 'अधिवेशन', 'स्थायी समिती' हे शब्द असतील तर सभा अभिप्रेत असते. 'प्राध्यापक', 'प्रवेश', 'पदवीधर' असतील तर विद्यापीठ.

कधी एका अक्षराची भर सर्व काही बदलते. 'मिनजिन' हा १९४५ मध्ये शांघाय येथे स्थापन झालेला लोकशाही संवर्धन संघ असून तो मुख्य भूमीवरील मान्यताप्राप्त आठ लोकशाही पक्षांपैकी एक आहे. त्यास पक्षवाचक 'दांग' जोडून होणारा 'मिनजिनदांग' हा १९८६ मध्ये तैवानात स्थापन झालेला लोकशाही प्रगतिशील पक्ष होय. दोहोंच्या राजकीय भूमिका परस्परविरोधी आहेत. 'ल्यांगहुई', म्हणजे 'दोन सभा', या शब्दाने मुख्य भूमीवरील वृत्तपत्रांत लोकप्रतिनिधी सभा व राजकीय सल्लागार परिषद यांची साधारणतः मार्चमध्ये भरणारी वार्षिक अधिवेशने सूचित होतात. तैवान सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांमधील वाटाघाटींच्या वृत्तांतात मात्र तोच शब्द त्या वाटाघाटींसाठी उभारलेल्या दोन संस्थांचा वाचक असतो. १९९३ मध्ये सिंगापूर येथे याच दोन संस्थांच्या प्रमुखांची भेट झाली होती.

बोलणाऱ्याचा संदर्भ :

'झोंगगोंग' हे नाव मुख्य भूमीवर चिनी कम्युनिस्ट पक्षाचे साधे, अधिकृत लघुरूप आहे. १९४९ नंतरच्या तैवानी लिखाणात मात्र ते पक्षापुरते न राहता बीजिंगच्या संपूर्ण शासनासाठी वापरले गेले. चिनी लोकप्रजासत्ताक हे नाव उच्चारणे म्हणजे त्या राज्याला मान्यता देण्यासारखे होते. संक्षेपामुळे ते टाळता आले. १९७२ पूर्वीच्या जपानी लिखाणातही ही योजना आढळते. अशा मजकुरातील 'झोंगगोंग'चे भाषांतर 'कम्युनिस्ट पक्ष' असे केल्यास शासनाची कृती पक्षाच्या माथी येते आणि लेखकाची राजकीय भूमिकाही दृष्टिआड होते.

भारतीय अभ्यासकापुढील प्रश्न :

हा प्रश्न भारतीय, विशेषतः महाराष्ट्रीय, अभ्यासकाला परका नाही. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे चिनी संक्षिप्त नाव 'ग्वोदादांग' असे आहे. १९४६ ते १९४८ या काळातील चिनी वृत्तपत्रांत केवळ 'ग्वोदा' असे आले तर ती नानजिंग येथे भरलेली, संविधान संमत करणारी व पुढे राष्ट्राध्यक्ष निवडणारी राष्ट्रीय सभा असते. तीच संस्था पुढे तैवानमध्ये २००५ पर्यंत टिकली. सिंगापूरमध्ये 'ग्वोदा' म्हणजे तेथील राष्ट्रीय विद्यापीठ. मराठीतही काँग्रेसला एके काळी 'राष्ट्रीय सभा' म्हणत, तर 'महासभा' म्हटले की हिंदू महासभा समजली जाई, हे स्मरले म्हणजे चिनी वाचकाची रीत नीट उमगते.

काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांच्या कार्यासंबंधीची चिनी साधने वाचताना दोन अडचणी येतात. पहिली सेनेच्या नावाची. १९३७ मध्ये उभारलेली आठवी मार्ग सेना 'बालू', म्हणजे 'आठवा मार्ग', या नावाने लोकांच्या तोंडी बसली. त्याच वर्षी तिचे अधिकृत नाव 'अठरावी समूह सेना' असे बदलले, तरी लोकव्यवहारात 'बालू' कायम राहिले. शासकीय कागदात अठरावी आणि आठवणींत आठवी असा उल्लेख आला म्हणजे सेना दोन नव्हेत. दुसरी अडचण प्रदेशाची. कोटणिसांनी ज्या 'जिन-चा-जी' सीमाप्रदेशात काम केले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी देह ठेवला, त्याचे नाव शान्शी, चाहार आणि हेबेइ या तीन प्रांतांच्या संक्षेपांनी बनले आहे. त्यांपैकी चाहार प्रांत १९५२ मध्ये रद्द झाला. आजच्या नकाशावर तो सापडत नाही. शिवाय चिनी अक्षरे सोडून हे नाव देवनागरीत लिहिले की नवी संदिग्धता उद्भवते. 'जिन' हा उच्चार शान्शीच्या संक्षेपाचा आहे तसा त्यानजिन शहराच्याही. 'जी' हा हेबेइचा आहे तसा ईशान्येकडील जीलिन प्रांताच्याही. मूळ लिपीत ही अक्षरे भिन्न असून त्यांचे स्वराघातही वेगळे आहेत. देवनागरीत तो भेद लोपतो. आपल्याच भूमिपुत्राची कर्मभूमी कोणती, हे सांगण्यासाठीही मग संदर्भाचाच आधार घ्यावा लागतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की चिनी संक्षिप्त नाव हे स्वयंपूर्ण चिन्ह नाही. लेखक व वाचक यांच्यात असलेल्या सामायिक ज्ञानावर ते उभे असते. चिनी प्रशासनाने ही गोष्ट ओळखली आहे. म्हणूनच अधिकृत दस्तऐवजात पूर्ण नाव प्रथम देऊन 'यापुढे संक्षेपाने अमुक' असे नमूद करण्याची प्रथा आढळते. खाजगी पत्रे व वृत्तपत्रे अशी सोय देत नाहीत. तेथे लेखनाचे वर्ष, ठिकाण, शेजारचे शब्द आणि लेखकाचा पक्ष यांची पडताळणी करूनच विस्तार करणे इष्ट ठरते. जेथे ही पडताळणी होऊ शकत नाही तेथे मूळ संक्षेप तसाच ठेवणे अधिक प्रामाणिक होय. संदर्भाने अर्थ स्पष्ट होतो हे खरे. परंतु अर्थ लागल्यावर तो संक्षेपही आपल्या परीने काळावर प्रकाश टाकतो. 'जिंग' कोणत्या शहराला म्हणावे आणि 'बेइदा' कोणाची, हे प्रश्न त्या त्या वेळी सत्तेचे होते. त्यांची उत्तरे या दोन अक्षरांत नोंदली गेली आहेत. ती वाचण्याची दक्षता घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.