युद्धरोखे आणि नौदल : ‘ह्यूस्टन’ युद्धनौकेच्या संदर्भात

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी अमेरिकन शासनाने नागरिकांना युद्धरोखे विकले. १८.७५ डॉलरच्या रोख्याचे दहा वर्षांनी २५ डॉलर मिळत. म्हणजेच ही देणगी नसून शासनाला दिलेले कर्ज होते. या रोखेविक्रीतील नौदलाच्या सहभागाचे स्वरूप प्रस्तुत लेखात तपासले आहे.

विवेचन :
१ मार्च १९४२ रोजी सुंदा सामुद्रधुनीत जपानी नौदलाने ‘ह्यूस्टन’ ही क्रूझर बुडवली. टेक्सासमधील ज्या शहराचे नाव तिला होते, तेथील एक हजार तरुण ३० मे रोजी एकाच वेळी नौदलात दाखल झाले. त्यानंतर नव्या ‘ह्यूस्टन’साठी झालेल्या रोखेविक्रीतून ८.५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. क्रूझरबरोबरच ‘सॅन जॅसिन्टो’ या विमानवाहू नौकेचा खर्चही तीतून भागल्याचे मानले गेले.

परंतु नव्या क्रूझरची बांधणी ऑगस्ट १९४१ मध्येच ‘विक्सबर्ग’ या नावाने सुरू झाली होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये नौदलाने तिचे नाव बदलले. म्हणजे नौकेचा जन्म रोख्यांतून झाला नव्हता.

समारोप :
यास फसवणूक म्हणता येत नाही. कर्ज व्याजासह परत मिळणार होते. तथापि, लोकांच्या हातातील पैसा काढून घेऊन महागाईस आळा घालणे, हा रोख्यांचा दुसरा हेतू सामान्य माणसाला भिडणारा नव्हता. बुडालेल्या नौकेचे नाव मात्र त्याला आपले वाटत होते. नौदलाने या मोहिमेस दिले ते मुख्यतः हे नाव. त्या नावामुळेच शहराच्या शोकाचे रूपांतर शासनाच्या कर्जात होऊ शकले.