कोल्हापूरचे तीन लेखक आणि इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न

प्रयोगशाळेत मांडता न येणारी परिस्थिती कल्पनेत उभी करून एखादे तत्त्व तपासणे, याला विचारप्रयोग म्हणतात. १८१४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याने विश्वातील प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरील बले जाणणाऱ्या बुद्धीची कल्पना केली. अशा बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसत असेल, तर माणसाचा निर्णय त्याचा स्वतःचा कितपत, हा इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न त्यातून उभा राहतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथात कर्मविपाकाच्या, म्हणजे पूर्वकर्माच्या फळाच्या, संदर्भात तो चर्चिला. ललित साहित्यातून त्याची कसोटी पाहणाऱ्या मराठी लेखकांपैकी तिघांचे कोल्हापूरशी जवळचे नाते आहे.

१९३८ साली शिरोड्याहून कोल्हापुरास आलेल्या वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीत मुलाचे तारुण्य मागून घेणारा राजा आणि मोहाच्या क्षणी संयम राखणारा कच यांना समोरासमोर ठेवले, आणि वासना स्वतःचीच असली तरी तिच्या अधीन झालेल्याला स्वतंत्र म्हणावे काय, हे विचारले. आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी कोल्हापुरात शिक्षक असताना लिहिलेल्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) जन्म, कुल आणि शाप यांनी बांधलेला कर्ण स्वतःच्या जन्माचे रहस्य कळल्यावरही दुर्योधनाची बाजू सोडत नाही. दोन्ही कादंबऱ्यांत अनेक पात्रे प्रथमपुरुषी निवेदन करतात; त्यामुळे एकच घटना वेगवेगळ्या जाणिवांतून, म्हणजे ज्याच्या त्याच्या आतल्या अनुभवातून, वाचकासमोर येते.

१९३८ मध्येच कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत वेगळी वाट धरली. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर मराठे जिंकले असते आणि हिंदुस्थानचा इतिहास बदलला असता, अशी पर्यायी सृष्टी त्यांनी रचली आणि तिला पुंजवादाचा, म्हणजे सूक्ष्म कणांचे वर्तन निश्चितपणे सांगता येत नाही या सिद्धान्ताचा, आधार दिला.

या कथेने लाप्लासच्या कल्पनेतील पूर्वनिश्चित जगाला तडा जातो; तथापि गोळीचे चुकणे हा योगायोग आहे, कोणाचा निर्णय नव्हे, आणि जग अनिश्चित ठरल्याने माणूस आपोआप स्वतंत्र ठरत नाही. ही उणीव खांडेकर व सावंत भरून काढतात, कारण त्यांची पात्रे आपल्या कृतीचा जाब स्वतःच्या तोंडून देतात, आणि परिस्थितीने कितीही जखडले तरी कृतीचे उत्तरदायित्व स्वीकारता येते, हाच स्वातंत्र्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.