बोलता येतंय ना?

गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, रोज चाला. "किती जोरात?" मी विचारलं. (घड्याळात हार्ट रेट दिसतो, त्यामुळे मला आकडा हवा होता!) तर म्हणे, "शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत." मला ही चक्क टोलवाटोलवी वाटली. मग शोधत बसलो आणि अख्खा शनिवार गेला...

१९३९ साली ऑक्सफर्डच्या प्रा. जॉन ग्रेसन यांनी ब्रिटिश गिर्यारोहकांना हेच सांगितलं होतं: बोलता येईल त्यापेक्षा वेगाने चढू नका.

पण खरी मजा ऑकलंडच्या गोष्टीत आहे. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदकं जिंकली. दोघांचे कोच आर्थर लिडियार्ड. हेच लिडियार्ड १९६२मध्ये ऑकलंडच्या सामान्य माणसांना, अगदी हृदयविकाराच्या पेशंटनासुद्धा, हळूहळू पळवायला लागले. त्याच सुमारास अमेरिकेतले नामांकित कोच बिल बॉवरमन (पुढे 'नायकी'वाले) तिथे पाहुणे म्हणून आले आणि या मंडळींबरोबर पळायला गेले. पन्नाशीचे बॉवरमन थोड्याच वेळात मागे पडले. सोबतीला कोण थांबलं? हार्ट अटॅक पचवलेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा! ते आपले मजेत बोलतायत, आणि बॉवरमनना उत्तर द्यायलाही दम नाही. १९६७मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिलं, आणि गप्पांचा नियम अमेरिकाभर पसरला.

कारण तसं सोपं आहे. बोलायचं तर श्वास हळूहळू सोडावा लागतो. श्रम एका हद्दीपलीकडे गेले की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास भराभर घ्यावा लागतो, आणि वाक्य मधेच तुटतं. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी लोकांना व्यायाम करता करता अमेरिकेची राष्ट्रनिष्ठेची शपथ म्हणायला लावली. "बोलता येतंय, पण..." असं उत्तर आलं की ती हद्द जवळपास आलेली असायची.

आणि माझं घड्याळ? बाबांना बीटा-ब्लॉकर चालू आहे. त्याने ठोके मुळातच कमी राहतात, म्हणजे मी ज्या आकड्यावर विसंबलो असतो तो फसवाच निघाला असता. डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागितली. असो.

हल्ली रविवारी आम्ही दोघं तळजाईवर जातो. मी मुद्दाम १९८३च्या वर्ल्ड कपचा विषय काढतो. चढावर बाबा "थांब, सांगतो नंतर" म्हणाले, की बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मी खाली बसतो.