टोचनाची गोष्ट : बैलगाडीच्या जुवापासून पिकअपच्या हुकापर्यंत

आज पिकावरची नोंद नाही. घरात नवीन डिझेल पिकअप घ्यायचं चाललंय. पुतण्या आणि मी भागीत घेणार आहोत. माल वाहायला तर आहेच, पण मोसंबीच्या बागेला उन्हाळ्यात पाणी न्यायला एक हजार लिटरच्या टाकीची दोन चाकी ट्रॉलीही तिच्यामागं ओढायची आहे. पुतण्या रोज मोबाईलवर गाड्या बघतो. कुणी म्हणतं ही घ्या, कुणी म्हणतं ती घ्या. मी म्हटलं, आधी आपल्या भागात ओझं कसं ओढलं गेलं ते जरा मागं जाऊन बघू. गाडी नवी असली तरी ओढायचे नियम जुनेच आहेत.

पार मागं गेलो तर आपल्याच तालुक्यातलं राक्षसभुवन. शनीच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. तिथं १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवराव पेशव्यांची आणि निजाम अलीची लढाई झाली. निजाम गोदावरी ओलांडून पलीकडं गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडच्या काठावर राहिला. मराठ्यांनी त्याला तिथंच गाठलं, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि नदीला पावसाळ्याचं पाणी असल्यानं निजामाला पलीकडून मदत करता आली नाही. पुस्तकात ही लढाई शौर्याची म्हणून वाचतो. मी शेतकरी माणूस, मला त्यात दुसरंही दिसतं. त्या काळची फौज म्हणजे तोफा, दाणा-वैरण, डेरे, सगळं बैलांच्या आणि हत्तींच्या जिवावर. पुढचा भाग एका काठाला आणि मागचा दुसऱ्या काठाला राहिला की काय होतं, ते गोदाकाठानं तेव्हा पाहिलं. ओढणारा आणि ओढलं जाणारं यांची ताटातूट झाली की घात होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षं आपल्याकडं फारसा फरक पडला नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बस घेऊन मोटार सेवा सुरू केली, पण शेतकऱ्याच्या मालाला बैलगाडीच. रेल्वे तर बीडला पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडलं, आणि गेवराईला अजून नाहीच. म्हणून आपला कापूस, ज्वारी, तूर, मोसंबी सगळं रस्त्यानंच गेलं.

बैलगाडीत काय अक्कल होती बघा. गाडीला दोन चाकं आणि एक आख. माल आखाच्या मागं जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढं जास्त भरला की सगळा भार मानेवर, खांदे सुजतात. आमचे वडील गाडी भरली की पुढं येऊन जू हातानं उचलून बघायचे. थोडंसं जड लागलं पाहिजे, पण एका माणसाला उचलता आलं पाहिजे. शाळा दुसरीपर्यंत, पण हिशोब बरोबर. आज इंजिनिअर लोक सांगतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर पडावा. कमी पडला तर ट्रॉली मागं शेपटी हलवल्यासारखी डुलते, जास्त पडला तर गाडीची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ढिलं लागतं. वडलांचं जू आणि यांचे दहा टक्के, गोष्ट एकच.

पुढं लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन टायरची गाडी आली. बैल तेच, पण हवेचं चाक मातीत कमी रुततं, म्हणून तीच जोडी जास्त ओढायला लागली. आपल्या जिल्ह्यातले हजारो लोक ऊसतोडीला जातात, त्यांना हे सांगायची गरज नाही. टायरगाडीवर दोन-तीन टन ऊस भरून बैल चढाला लावलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. ओढता येतं म्हणून भरत गेले. पण थांबवायचं कसं, याचा विचार कुणी केला नाही. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाते, तेव्हा माणूसच चाकाला लाकूड लावत पळतो.

आता डिझेलकडं येतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसानं १८९७ मध्ये आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं. त्यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती तापते आणि त्यात सोडलेलं तेल आपोआप पेटतं. फायदा असा की कमी फेऱ्यांतही जोर चांगला मिळतो. ओढायच्या कामाला हाच जोर लागतो, वेग नाही. आपल्याकडं डिझेल आलं ते आधी विहिरीवर. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढं मोटेच्या जागी इंजिनाचा आवाज रानात घुमायला लागला. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. उजवा कालवा आपल्या तालुक्यातून गेला. पाणी आलं, ऊस आला, गढीचा कारखाना आला, आणि ओझं एकदम वाढलं.

गाड्यांचा इतिहासही आपल्या महाराष्ट्राचाच. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. १९६३ ला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीत ट्रॅक्टर कंपनी काढली, तिचा बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या लोकांना आठवत असेल. पुढं जीपमध्ये जे २३५० सीसीचं डिझेल इंजिन बसलं, ते मुळात त्याच ट्रॅक्टरच्या घरातलं. म्हणून ती जीप पळायला मंद पण ओढायला बैलासारखी. नगरचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी केली, जर्मनीच्या टेम्पो गाडीवरून. आपण आज कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो तो शब्द तिथला. सत्तरच्या दशकात मॅटाडोर दिसायला लागली. १९८६ ला टाटा ४०७ आली, त्याच सुमारास मित्सुबिशीच्या मदतीनं आयशर आली. १९८८ ला टाटा मोबाईल २०६ ही पिकअप आली, २००० ला बोलेरो आली आणि तिच्या मागोमाग बोलेरोची पिकअप. २००५ ला टाटा एस आली, तिला लोकांनी छोटा हत्ती नाव दिलं. आता तर गेवराईच्या बाजारात उभं राहिलं की दर दहा गाड्यांत चार पिकअप.

आता मूळ गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे लिहायला बसलो.

१९९८ चा उन्हाळा. आमच्याकडं जुनी डिझेल जीप होती. विहिरीवरचं इंजिन दुरुस्तीला न्यायचं होतं. ते एका छोट्या ट्रॉलीवर ठेवलं आणि जाड दोरीचं टोचन करून जीपला बांधलं. दोरी मी बांधली. धाकटा भाऊ इंजिनाला धरून ट्रॉलीवर बसला. बस म्हणून मीच सांगितलं. कालव्याच्या पुलाचा चढ जीपनं आरामात काढला. मला वाटलं जिंकलो. पुलाच्या उतारावर पुढं शेळ्या आडव्या आल्या आणि मी ब्रेक मारला. जीप थांबली, ट्रॉली थांबली नाही. तिला ब्रेक नव्हता आणि दोरी फक्त ओढते, अडवत नाही. ट्रॉली वाकडी होऊन जीपवर आदळली, इंजिन सरकलं, आणि भावाचा उजवा पाय त्याखाली आला. पाय वाचला, पण तो आजही लंगडत चालतो. त्याच्या वाट्याचं वखर-पाळीचं काम त्या दिवसापासून बंद झालं. त्यानं मला कधी एका शब्दानं बोललं नाही. परवा पुतण्यानं गाडीचा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाला, “दादा, गाडी कोणतीबी घ्या, पण टोचन दोरीचं नको.”

म्हणून मी कंपनीचं नाव नंतर बघतोय, आधी हे मुद्दे वहीत लिहिलेत. तुम्हालाही उपयोगी पडतील.

१) वजनाचा हिशोब. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं वजन असतं. समजा फरक १३०० किलो. ड्रायव्हर आणि एक माणूस १४०, हुकाची प्लेट आणि लोखंडी काम ६०. आमची ट्रॉली ३५० आणि पाणी १०००, म्हणजे १३५०. त्याचे दहा टक्के १३५ हुकावर. हे सगळं वजा केलं की हौद्यात भरायला ९६५ किलो राहतात. १३०० नाही. लोक इथंच चुकतात.

२) ओढायची क्षमता वेगळी आणि भरायची वेगळी. गाडीच्या पुस्तकात ट्रेलरचं वजन दिलंय का बघा. नसेल तर विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका, कंपनीकडून लेखी घ्या. लेखी मिळत नसेल तर त्या गाडीमागं ट्रॉली लावू नका.

३) पाटे वाढवून ताकद वाढत नाही. मागं एक-दोन पाटे जादा टाकले की गाडी बसत नाही एवढंच. आख, ब्रेक, चेसी, टायर तेच राहतात. गाडीत परवानगीशिवाय बदल करायलाही कायदा मनाई करतो. आणि २०१९ पासून जादा भारासाठी २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. एका खेपेत सगळा हंगाम जातो.

४) हूक चेसीला, बंपरला नाही. नटबोल्ट चांगल्या प्रतीचे, आणि दर पंधरा दिवसाला पाना लावून बघायचे. ट्रॉलीची दांडी हुकाला जोडल्यावर जमिनीला समांतर राहिली पाहिजे. शिवाय दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना फुली मारून. हूक सुटला तरी दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. राक्षसभुवनचं वाक्य आठवा, ताटातूट होऊ द्यायची नाही.

५) ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक. गाडी थांबायला लागली की ट्रॉली पुढं ढकलते, त्या ढकलण्यानंच लागणारा ब्रेक दांडीत बसवता येतो. वीस फुटाला एक फूट चढ असेल तर १३५० किलोची ट्रॉली ओढायला साधारण ६७ किलोचा जादा जोर लागतो. तेवढा कुठलंही डिझेल इंजिन देतं. पण तोच जोर उतारावर तुम्हाला मागून ढकलतो. चढ ज्या गिअरनं चढलात, उतारही त्याच गिअरनं उतरा. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा माणूस मला दाखवू नका.

६) पाण्याची टाकी भरलेली किंवा रिकामी. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. वळणावर पाणी एका बाजूला जातं आणि ट्रॉलीला घेऊन जातं. टाकीत आडव्या पट्ट्या बसवून घ्या.

७) नवीन इंजिनाची सवय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आहेत. अनेकांत धूर गाळायचं फिल्टर असतं, ते तापून स्वतः साफ होतं. रोज फक्त रान ते घर एवढंच चालवलं तर ते तुंबतं. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग पळवा. ज्या गाडीला युरियाचं द्रावण लागतं, तिच्यात विकतचं ठरलेलं द्रावणच टाका. खताचा युरिया पाण्यात कालवून टाकला तर हजारोंचा खर्च निघतो.

८) कागद आणि दिवे. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा. लायसन्सचा प्रश्न मात्र सुटलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. मागं लाल दिवे, इंडिकेटर आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावाच. उसाच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्यांवर आदळून किती घरं बसली ते आपल्या हायवेला विचारा.

९) ट्रॉलीवर माणूस नाही. कधीच नाही. इंजिन धरायला नाही, पोतं धरायला नाही.

गेल्या रविवारी गावातल्या वेल्डरकडं ट्रॉलीचं काम चालू होतं. टाकी आखाच्या किती पुढं ठेवायची यावर पुतण्या टेप घेऊन मोजत होता. भाऊ लंगडत आला, दांडीचं टोक हातानं उचललं, खाली ठेवलं, आणि म्हणाला, “अजून चार बोटं पुढं घे.” टाकी तेव्हा रिकामी होती, पण त्याचा हात वडलांचाच. पाणी भरून वजनकाट्यावर नेली, दांडी काट्यावर टेकवली. १३० किलो. वेल्डर आमच्या तोंडाकडं बघत राहिला.

गाडी कोणती घेतली ते दसऱ्याला कळवीन. तोपर्यंत तुमच्या ट्रॉलीची दांडी एकदा उचलून बघा. आणि साखळी नसेल तर पुढची खेप करायच्या आधी बसवा.

राम राम.