खोटा इतिहास रचायला शिकवणारा कोर्स : नेमका काय होता हा प्रकार?

इंटरनेटवरचा इतिहास खरा की खोटा, हे ओळखायचं कसं? ते शिकवण्यासाठी अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना चक्क खोटा इतिहास रचायला लावला होता.

कोर्स काय होता?

व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात टी. मिल्स केली इतिहास शिकवायचे. २००८ मध्ये त्यांनी ‘लाइंग अबाउट द पास्ट’, म्हणजे ‘भूतकाळाबद्दल खोटं बोलणं’ हा कोर्स घेतला. विद्यार्थ्यांनी आधी इतिहासातल्या गाजलेल्या बनावांचा अभ्यास केला आणि मग स्वतःच एक बनाव रचला.

त्यातून जन्मला एडवर्ड ओवेन्स, म्हणजे ‘शेवटचा अमेरिकन समुद्री चाचा’. १८७० च्या दशकातल्या मंदीत तो चेसापीक उपसागरात लुटालूट करायचा, अशी ही गोष्ट. तिला आधार म्हणून एका काल्पनिक विद्यार्थिनीचा ब्लॉग, यूट्यूब व्हिडिओ आणि विकिपीडियावर लेख तयार झाला. अनेकजण फसले. अखेर डिसेंबरमध्ये वर्गानेच सत्य जाहीर केलं.

दुसऱ्यांदा काय झालं?

२०१२ मध्ये नव्या बॅचने एका पूर्वजाला सीरियल किलर ठरवणारी गोष्ट रेडिटवर टाकली. अवघ्या २६ मिनिटांत एका युजरने शंका घेतली. गोष्टीला आधार देणारे विकिपीडियावरचे लेख नुकतेच तयार झाले होते, हे त्याने हेरलं होतं.

या कोर्सवर टीकाही झाली. विकिपीडिया सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचा वेळ वाया घालवणं आणि लोकांना फसवणं कितपत योग्य, असा आक्षेप होता. तो चुकीचा म्हणता येत नाही.

आपण काय तपासायचं?

ओवेन्सची गोष्ट खरी वाटली, कारण ब्लॉग, व्हिडिओ आणि लेख एकमेकांना दुजोरा देत होते. पण तिन्ही एकाच वर्गातून आले होते. लिंक तीन असल्या, तरी स्रोत एकच.

म्हणून ‘इतिहासातलं दडवलेलं सत्य’ फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा :

१. हे पान कधी तयार झालं? विकिपीडियावर ‘इतिहास पहा’ या टॅबमध्ये प्रत्येक बदलाची तारीख दिसते.

२. माहिती कुणी टाकली?

३. मूळ कागद, पत्र किंवा बातमी कुठल्या अभिलेखागारात किंवा ग्रंथालयात आहे?

तिसऱ्याचं उत्तर मिळत नसेल, तर मेसेज पुढे पाठवू नका.