हतनूरच्या गाळावरचे हिवाळी पाहुणे

खान्देशाला समुद्रकिनारा नाही. तरीही चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी येथील पक्षिप्रेमींना शिवडीची खाडी गाठावी लागत नाही. जळगाव जिल्ह्यात, भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर धरण आहे. धरणाच्या वरच्या अंगाला, चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. या परिसरातील जलाशयाच्या उथळ काठांवर दर हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या ठरविण्यात आलेल्या देशातील क्षेत्रांमध्ये हतनूरचा समावेश आहे.

वर्षातून एकच ओहोटी

खाडीतील चिखल दिवसातून दोनदा उघडा पडतो. हतनूरची ओहोटी मात्र वर्षातून एकदाच येते आणि अनेक महिने चालते. पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांतून पूर सोडला जातो. पुरासोबत आलेला बराचसा गाळ मागे राहतो. पुढे शेती, नळयोजना व उद्योगांसाठी पाणी वापरले जाऊ लागले, की पातळी उतरते आणि ओल्या गाळाचे नवे पट्टे उघडे पडतात. हा गाळ धरणाची साठवणक्षमता घटवतो, म्हणून पाटबंधारे खात्याला तो नकोसा. पक्ष्यांना मात्र त्यातच अळ्या, कृमी व गोगलगायी मिळतात.

कोण, कोठे?

चिमणीएवढा छोटा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियातून येतो आणि ओल्या गाळाच्या पृष्ठभागावरचे किडे टिपतो. तुतवार व धोबी पाण्याच्या कडेने फिरतात. लांब लाल पायांचा शेकाट्या थोड्या खोल पाण्यात उतरतो. त्यापलीकडे थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळत असते, तर तलवार बदक डोके बुडवून तळ धुंडाळते. केशरी रंगाचे चक्रवाक बहुधा जोडीने दिसतात. प्रत्येकाची चोच व पायांची लांबी वेगळी असल्याने एकाच काठावर सर्वांची सोय होते. पाणी वेगाने उतरून गाळ वाळला, तर ही पंगत मोडते.

दिवसाची आखणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. भुसावळपर्यंत रेल्वेने व पुढे रस्त्याने जाता येते. सूर्योदयापूर्वी पोहोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. दुर्बीण, पक्ष्यांचे सचित्र पुस्तक, वही, पाणी व मळकट रंगाचे कपडे पुरेसे आहेत. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून खोल असू शकतो. त्यावर पाऊल टाकू नये. धरणाच्या भिंतीवर जाण्यासाठी परवानगी लागेल का, याची आधी चौकशी करावी.

छायाचित्रासाठी थवा उडविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. हिवाळ्याच्या अखेरीस हे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवीत असतात. विनाकारण घ्याव्या लागलेल्या प्रत्येक भरारीत ही शिदोरी खर्च होते आणि पुढची वाट हजारो किलोमीटरची असते.