कर्दळ : बागेसाठी प्रकारांची निवड

कर्दळ (कुल–कॅनेसी) मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी आपल्या परसातील लाल-पिवळी कर्दळ बहुधा कॅना इंडिका या जातीची असते. बागेतील मोठ्या फुलांचे प्रकार मात्र संकरित आहेत. संकराचे काम 19व्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये तेओदोर आने यांनी सुरू केले व पुढे क्रोझी यांनी लिआँ येथे वाढविले. फुलांत पाकळ्यांसारखे दिसणारे रंगीत भाग म्हणजे खरे तर वंध्य केसरदले.

निवड करताना फुलाच्या रंगाआधी उंची पाहावी. ‘ल्युसिफर’ हा लाल फुलांचा, पिवळ्या कडेचा ठेंगणा प्रकार ताटव्याच्या पुढच्या ओळीस व कुंडीस योग्य. तपकिरी-जांभळ्या पानांचा, नारिंगी फुलांचा ‘वायोमिंग’ सहज पुरुषभर उंच होत असल्याने मागे लावावा. हिरव्या पानांवर पिवळे पट्टे असलेला ‘बेंगॉल टायगर’ फुले नसतानाही ताटवा उजळवतो, आणि लहान बागेत हा गुण फार मोलाचा. संकरित प्रकारांपैकी इटालियन गटाची फुले सर्वांत मोठी व देखणी, पण नाजूक. जोराच्या पावसात ती लोळागोळा होतात. कोकणासारख्या भागात क्रोझी गटच बरा.

संकरित प्रकार बियांपासून मूळ रूपात येत नाहीत, म्हणून मूलक्षोडाचे डोळे असलेले तुकडे लावतात. ‘बेंगॉल टायगर’सारखे मुळातच पट्टेरी पानांचे प्रकार सोडून, पानांवर पिवळ्या रेघा वा ठिपके दिसणारे रोप घेऊ नये: विषाणुरोग मूलक्षोडातून पसरतो आणि त्यावर उपाय नाही.